सैंधव आणि साहेब

शब्दाचा अर्थ प्रकरणावरून कसा ठरतो हे शिकविताना साहित्यशास्त्राचे शास्त्रीबुवा पिढ्यान्‌पिढ्या एकच उदाहरण देत आले आहेत. यजमानाने 'सैंधव आण' अशी आज्ञा केली असता, तो जर पानावर बसलेला असेल तर सेवकाने मीठ आणावे, आणि तो जर पागोटे बांधून बाहेर जावयास निघाला असेल तर घोडा आणावा. कारण सिंधुदेशात उत्पन्न होणाऱ्या या दोन्ही वस्तूंस सैंधव हीच संज्ञा आहे. उदाहरण इतके उघड आहे, की ते ऐकून विद्यार्थ्याच्या मनात सहजच येते, असा निर्बुद्ध सेवक आहे तरी कोठे, की जो भोजनाच्या पंक्तीत घोडा आणून उभा करील? या प्रश्नाचे उत्तर संस्कृत वाङ्मयात सापडत नाही. ते सापडण्यासाठी या मुलखात इंग्रजांचा अंमल सुरू व्हावा लागला आणि आमच्या वाडवडिलांना इंग्रजी शिकावे लागले.

अनेकार्थी शब्द आम्हांस नवे होते असे मुळीच नाही. अमरसिंहाने आपल्या कोशात अशा बहुरूपी मंडळींसाठी नानार्थवर्ग म्हणून एक स्वतंत्र आळीच वसविली आहे, आणि तीत एकट्या 'हरि' या शब्दाच्या घरी विष्णू, इंद्र, सूर्य, चंद्र, सिंह, घोडा, पोपट, सर्प, वानर आणि बेडूक इतकी बिऱ्हाडे सुखाने नांदत आहेत. परंतु सायंकाळी दिवा लावून 'हरी' म्हणत हात जोडणाऱ्या माणसाच्या मनात बेडूक कधी डोकावल्याचे ऐकिवात नाही. अशा शब्दांचे कौतुक पंडितांनी श्लेषापुरते करावे आणि व्यवहाराने त्यांच्या वाटेस जाऊ नये, अशी आमच्याकडील वहिवाट होती. इंग्रजीत हा प्रकार उलटा आहे. तेथे लांबलचक, भारदस्त शब्द बहुधा एकवचनी असतात. 'फोटोग्राफी' म्हणजे फोटोग्राफीच. पण दोन-तीन अक्षरांचा, दिसावयास गरीब, पोरासोरांच्या तोंडी असलेला शब्द उचलावा, आणि त्याच्या मागे घोड्यांची अख्खी पागा उभी असावी!

इंग्रजांना हे ठाऊक नाही असे नाही. १७५५ साली डॉक्टर जॉन्सनने आपला सुप्रसिद्ध कोश रचला तेव्हा 'टेक' या एका क्रियापदाचे त्याला सव्वाशेहून अधिक अर्थ नोंदवावे लागले. पुढे ऑक्सफर्डच्या महाकोशाचे काम निघाले. त्याचा पहिला भाग १८८४ साली बाहेर पडला आणि शेवटचा १९२८ साली. दरम्यान त्याचे मुख्य संपादक जेम्स मरे हे १९१५ सालीच वर्णमालेच्या वाटेवर देह ठेवून मोकळे झाले होते. याच कोशाच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट' या तीन अक्षरी क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ दिले असून त्या विवरणाला साठ हजारांच्या आसपास शब्द खर्ची पडले आहेत. एवढ्या शब्दांत आमच्याकडे नायक-नायिकेची भेट, ताटातूट, क्षयरोग आणि पुनर्मीलन हे सर्व आटोपून कादंबरी बाजारात येते. परंतु 'सेट'चे हे वैभवही टिकले नाही. नव्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर या कोशकाराने 'रन' हे क्रियापद हाती घेतले आणि नऊ महिने खपून त्याचे ६४५ अर्थ सिद्ध केले. नऊ महिन्यांच्या कालावधीचा निसर्ग जो दुसरा उपयोग करतो त्यातून साधारणतः एकच अपत्य निष्पन्न होते, हे ध्यानी घेतले म्हणजे या शब्दाच्या प्रजोत्पादनशक्तीविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

असे होण्याचे कारण त्या भाषेच्या प्रपंचात आहे. एके काळी इंग्रजी शब्दांनाही आमच्या शब्दांसारखे प्रत्यय होते; नाम कोणते आणि क्रियापद कोणते हे त्यांच्या पोशाखावरून कळत असे. काळाच्या ओघात आणि १०६६ सालच्या नॉर्मन स्वारीनंतरच्या धामधुमीत ते प्रत्यय बहुतेक गळून पडले, आणि उघडावाघडा शब्द वाक्यात ज्या जागी बसेल ती त्याची जात ठरू लागली. सरकारी कचेरीत एका कारकुनाची मूळ नेमणूक आवक-जावक टेबलावर असावी, आणि साहेबांनी त्याच्या गळ्यात स्टेशनरी, दप्तरखाना, पंखे व चहाच्या कपबश्या असा अतिरिक्त कार्यभार बांधीत जावे, तसे या शब्दांचे झाले आहे. १९३० साली सी. के. ऑग्डेन नावाच्या विद्वानाने तर जगाच्या सोयीसाठी अवघ्या ८५० शब्दांची 'बेसिक इंग्लिश' तयार केली आणि त्यांतही क्रियापदे फक्त १८ ठेवली. चर्चिलसाहेबांनाही ही योजना इतकी पसंत पडली, की १९४३ साली हार्वर्ड विद्यापीठात भाषण करताना त्यांनी तिची जाहीर शिफारस केली. आठशेपन्नास शब्दांत भाषा येते हे ऐकून कोणाच्याही तोंडास पाणी सुटेल. परंतु बाकीची हजारो क्रियापदे बडतर्फ करून त्यांचे काम या अठराजणांवर टाकले आहे, आणि त्यांत 'गेट', 'पुट' व 'टेक' हे तिघे नामांकित ठक आहेत, ही गोष्ट शिकणाऱ्याच्या ध्यानात पुष्कळ उशिरा येते.

या अठराजणांना ते काम झेपते ते शेपटाच्या जोरावर. संस्कृतात 'हृ' हा एक धातू घेतला, की उपसर्ग बदलून आहार, विहार, प्रहार, परिहार आणि संहार अशी मजल मारता येते. पण आमचे उपसर्ग धातूच्या आधी येतात, त्यामुळे पुढे जेवण आहे की मरण आहे याची आगाऊ वर्दी मिळते. इंग्रजीत हीच मंडळी क्रियापदाच्या मागून चालतात. पाहुण्याला 'पुट अप' केले म्हणजे आपल्या घरी उतरवून घेतले. 'पुट ऑफ' केले म्हणजे त्याचे येणे लांबणीवर टाकले. 'पुट डाउन' केले म्हणजे चारचौघांत त्याचा पाणउतारा केला. त्यामुळे तो 'पुट आउट' झाला म्हणजे रुसला. आणि तरीही तो न गेल्यामुळे त्याच्याशी 'पुट अप विथ' केले म्हणजे जाईपर्यंत त्याला सोसले. आतिथ्याचे आद्यन्त पुराण एका क्रियापदात संपते खरे, परंतु वाक्याचे शेवटले अक्षर कानी पडेपर्यंत पाहुण्याचे स्वागत झाले की उच्चाटन, हे समजण्याची सोय नाही. मराठीत 'उपसर्ग' या शब्दाचा पीडा असाही अर्थ होतो. आमच्या व्याकरणात तो कोठे लागू पडत नसे, तो इंग्रजी व्याकरणाने लागू करून दाखविला.

तथापि पाठ्यपुस्तकातले इंग्रजी आणि कचेरीतले इंग्रजी यांत महदंतर आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेला बुद्धिमान तरुण उमेदवारीसाठी कचेरीत शिरला, की त्याला पहिली सलामी झडते ती 'चार्ज' या शब्दाची. नवा मामलेदार तालुक्याला येतो तो प्रथम चार्ज घेतो. चार्ज घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी गावातील गिरणीवाला त्याच्या मोटारीची बॅटरी चार्ज करून देतो, आणि सरकारी पाहुण्याकडून काही चार्ज करणे त्याच्या प्रशस्त मनाला रुचत नाही. पुढे उरुसात दोन तट पडून दगडफेक होते, तेव्हा मामलेदारसाहेब लाठीचार्जचा हुकूम देतात. त्या गडबडीत एक लाठी नेमकी आमदारांच्या मेहुण्याच्या पाठीवर उतरते. चौकशी बसते, चौकशीत गिरणीवाला आणि बॅटरी हेही प्रकरण निघते, चार्जशीट दिले जाते, आणि सरतेशेवटी अव्वल कारकुनाकडे चार्ज देऊन साहेब बिऱ्हाड बैलगाडीत घालतात. सूत्रे स्वीकारणे, मोबदला, लाठीहल्ला, आरोपपत्र, कार्यभार सोपविणे इतके शब्द या हकिकतीसाठी मराठीला खर्च करावे लागतात. इंग्रजीत एका शब्दात माणूस येतो, चढतो, पडतो आणि जातो.

कचेरीतला दुसरा जिव्हाळ्याचा शब्द 'लीव्ह'. याचे मूळ परवानगीत आहे. आमची फारसी वळणाची 'रजा'ही मुळात संमतीच. दोन निरनिराळ्या खंडांतील राज्यकर्त्यांनी चाकराची सुट्टी आणि धन्याची मर्जी या दोहोंना एकच शब्द वापरावा, यात त्यांनी आपसात काही खलबत केले असेल असे वाटत नाही. तो अनुभव सार्वत्रिक असला पाहिजे. 'सँक्शन'चा मात्र प्रकार चमत्कारिक. ज्यांचे आयुष्य सँक्शनची वाट पाहण्यात गेले, म्हणजे रजा सँक्शन, तगाई सँक्शन, अखेरीस पेन्शन सँक्शन, अशा एका सेवानिवृत्त हेडक्लार्कांची गोष्ट सांगतात, की १९३५ साली हबसाणावर स्वारी केल्याबद्दल राष्ट्रसंघाने इटलीवर 'सँक्शन्स' लादल्याचे वर्तमान वाचून त्यांनी चष्मा पुसला आणि ते उद्गारले, 'चला, मुसोलिनीचे काम झाले एकदाचे!' गोष्ट बनावट असेल, पण चूक त्यांची नव्हती. मंजुरी आणि निर्बंध या दोन टोकांना एकच शब्द बसविणाऱ्या भाषेची होती. तोच न्याय 'ओव्हरसाइट'ला. वरिष्ठाने केली तर ती देखरेख आणि कनिष्ठाने केली तर ती नजरचूक. या भाषेत प्रकरण पाहून अर्थ ठरतो हे खरे. पण प्रकरण कोणते, हे ठरविण्याचा अधिकार कोणाला, हे शास्त्रीबुवांनी शिकविले नव्हते. सैंधव मागणारा नेहमी यजमानच असतो, आणि फटका खातो तो सेवक.

कोर्टाची पायरी चढल्यावर तर शब्दांच्या या बहुरूपीपणाला कायद्याचाच पाठिंबा मिळतो. 'कोर्ट' म्हणजे राजाचा दरबार, न्यायाधीशाची कचेरी, टेनिसचे अंगण आणि, क्रियापद केल्यास, एखाद्या तरुणीचे प्रणयाराधन. या चारही ठिकाणी वेळ फार लागतो एवढेच त्यांतले साम्य. 'सूट' म्हणजे दिवाणी दावा आणि सूट म्हणजे कोटपाटलोण. आमच्या मराठीत सूट म्हणजे रकमेतली सवलत, जी या दोहोंपैकी कशातही मिळत नाही. 'ब्रीफ' म्हणजे संक्षिप्त, असे शाळेत सांगतात, आणि बॅरिस्टरच्या हाती द्यावयाच्या त्या जाडजूड बाडालाही ब्रीफच म्हणतात. 'सेंटेन्स' व्याकरणाचे मास्तरही देतात आणि सेशन जज्जही देतात. पहिल्याच्या लांबीला काही धरबंध नसतो (प्रस्तुत लेखक त्याला पुरावा आहे), दुसऱ्याची लांबी निदान कायद्याने आखून दिलेली असते. 'केस' हा शब्द आम्ही उचलला तो जरा विचारपूर्वक उचलला. आमच्याकडे एक पुल्लिंगी केस आधीच असल्यामुळे खटल्याला आम्ही स्त्रीलिंग दिले, आणि अनुभव असा आहे, की स्त्रीलिंगी केस कोर्टात उभी राहिली म्हणजे पुल्लिंगी केस डोक्यावर फार दिवस उभे राहत नाहीत. राहिला 'बार'. वकिलांचा समुदाय हा एक बार आणि मद्यविक्रीचे ओटे हा दुसरा. १९४९ सालच्या मुंबई दारूबंदी कायद्याने दुसऱ्या बारवर गदा आणली तेव्हा पहिल्या बारला त्या कायद्याचा अर्थ लावण्याचे काम वर्षानुवर्षे पुरले. आणि पुढे परमिट रूमच्या पाट्या झळकू लागल्या तेव्हा दोन्ही बार सायंकाळी एकत्र दिसू लागले, असे पाहणारे सांगतात.

या सर्वांवर कडी करणारा शब्द 'मिनिट'. घड्याळातले मिनिट साठ सेकंदांचे. सभेची मिनिट्स म्हणजे कार्यवृत्त. सभा तासाभरात संपते, तिची मिनिट्स पुढील सभेत कायम होईपर्यंत तीन महिने घेतात. तेच स्पेलिंग 'माइन्यूट' असे उच्चारले की अर्थ होतो अतिसूक्ष्म. आणि अधिकाऱ्याने आपले मत लेखी मांडलेल्या टिपणीलाही मिनिटच म्हणतात. अशीच एक टिपणी मेकॉलेसाहेबाने २ फेब्रुवारी १८३५ रोजी या देशातील शिक्षणाविषयी लिहिली. तिच्यामुळे सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळला आणि आमच्या पोरांच्या मानेवर हे 'गेट' आणि 'सेट' बसले. हे मिनिट माइन्यूट नव्हते, आणि दोन शतके होत आली तरी ते संपलेले नाही.

बरे, या शब्दांनी परक्यांनाच चकवावे आणि घरच्यांशी इमानाने वागावे, असेही नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज आणि अमेरिकन सेनाधिकाऱ्यांची खलबते चालली असता एका महत्त्वाच्या कागदावरून जो प्रसंग ओढवला तो चर्चिलसाहेबांनी आपल्या महायुद्धावरील ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात नमूद केला आहे. इंग्रज म्हणाले, हे प्रकरण निकडीचे आहे, सबब ते 'टेबल' करू. अमेरिकन म्हणाले, निकडीचे आहे म्हणूनच ते टेबल करता कामा नये. इंग्रजांच्या मते टेबल करणे म्हणजे कागद तत्काळ चर्चेला घेणे. अमेरिकनांच्या मते टेबल करणे म्हणजे तो बाजूला सारून ठेवणे. बराच वेळ, आणि बऱ्याच कडवटपणाने, वाद झाला. आणि मग उभयपक्षी उमगले की सर्वांचे म्हणणे एकच आहे. दोस्त राष्ट्रांचे सेनापती एका मेजाभोवती बसून त्या मेजाच्याच अर्थावर हातघाईला यावेत, आणि शत्रूने याचा काहीच फायदा घेऊ नये, यावरून शत्रूचेही इंग्रजी कच्चे असावे असे अनुमान निघते.

मैदानावरही विसावा नाही. रेडिओवर क्रिकेटचे इंग्रजी समालोचन चालू असताना घरातील एखाद्या वडीलधाऱ्या आत्याबाईंना ते समजावून सांगण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल त्यांना 'विकेट' या शब्दाची थोरवी पटेल. विकेट पडली म्हणतात. मग लगेच विकेट फार चांगली आहे म्हणतात. पाऊस आला म्हणून विकेट झाकतात. आणि पडलेली, चांगली आणि झाकलेली ही विकेट एका गोलंदाजाने 'घेतली' असे शेवटी सांगतात. 'अगं बाई, घेऊन गेला तर उद्या खेळणार कशावर?' हा त्यांचा प्रश्न तर्काला सोडून नव्हता. मराठीने या घोळात यष्टी, खेळपट्टी आणि बळी असे तीन वेगळे शब्द योजून प्रत्येकाला स्वतंत्र जागा दिली. आणि पेशवाई बुडाल्यावर बेकार झालेल्या तोफखान्यातील गोलंदाजाला पुन्हा रुजू करून घेतले, ही पुनर्वसनाची कामगिरी तर कोणत्याही सरकारला भूषणावह आहे.

एकंदरीत इंग्रजी शब्द आमच्या घरी आला म्हणजे त्याचे छंद सुटतात. परीक्षेतला 'पास' येथे आला, त्याने फारसीचा 'ना' जोडून घेतला आणि 'नापास' असा सहकुटुंब स्थायिक झाला. स्वदेशी हाच शब्द डोंगरातली खिंड होतो, पंक्तीत मिठाची बशी पुढे सरकवतो आणि शेवटी माणूस वारला हेही तोच सांगतो, हे आमच्या शाळामास्तरांच्या गावीही नसते. 'फास्ट' म्हणजे त्या भाषेत वेगवान, आणि घट्ट खिळलेला, आणि उपवास. मुंबईकराने त्यांतला पहिला अर्थ तेवढा ठेवून घेतला आहे. तथापि सकाळच्या वेळी फलाटाबाहेरच्या सिग्नलपाशी उभी राहिलेली फास्ट लोकल आणि तीत न्याहारीवाचून लोंबकळणारा कारकून यांच्याकडे पाहिले, म्हणजे उरलेले दोन अर्थही मागल्या दाराने आत आले आहेत अशी शंका येते.

परंतु या व्यवहारात नुकसान एकतर्फी झाले असे कोणी समजू नये. मराठी मुलखात नेमणूक झालेल्या गोऱ्या मुलकी अधिकाऱ्यालाही देशी भाषेची परीक्षा द्यावी लागे, आणि त्याच्या वाटेवर 'लागणे' हे क्रियापद दबा धरून बसलेले असे. कॅप्टन मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीच झाला होता. साहेबाने तो चाळावा, लागणे म्हणजे स्पर्श होणे, जडणे, चिकटणे असा मुद्द्याचा अर्थ काढून घ्यावा, त्याला इंग्रजीत 'अटॅच' हा सुटसुटीत शब्द योजावा, आणि परीक्षा उतरून जिल्ह्याच्या फिरतीवर निघावे. मुलकी खात्यात 'अटॅच' करणे म्हणजे जप्ती आणणे, हे त्याला अर्थातच मराठीपेक्षा पुष्कळ चांगले ठाऊक असे.

अशा एखाद्या कलेक्टरसाहेबाच्या डेऱ्यापुढे, कल्पना करावी, की एक म्हातारा कुणबी अर्ज घेऊन उभा राहिला आहे. शिरस्तेदार बाजूला हात जोडून उभे. साहेबाला आपल्या मराठीचा अभिमान. म्हणून दुभाष्याला मना करून त्याने स्वतःच कैफियत विचारली, आणि म्हातारा बोलू लागला:

'मायबाप, शिमग्यात घराला आग लागली. थोरल्याला नोकरी लागंना. धाकटीचं लगीन लागायचं हाय, त्याला पैका लागतो. तलाठी माझा चुलता लागतो, पर उताऱ्याला माझं नाव लागंना. भाऊबंदाचा बोल मनाला लागला. म्हशीला दिष्ट लागली, चालताना दम लागतो, रातीचा डोळा लागत न्हाई. आता सायेब, तुमीच आमची होडी कडंला लावा.'

साहेब मोठ्या सहृदयतेने, एकेका वाक्याचे मनात भाषांतर करीत, हे सर्व ऐकत होता. आणि जसजसे भाषांतर पुढे सरकत गेले तसतसा त्याचा चेहरा लाल होत गेला. त्याने हातातील टाक खाली ठेवला आणि शिरस्तेदारांकडे वळून करड्या आवाजात जाब विचारला, की या गरीब रयतेचे घर, त्याच्या मुलाची नोकरी, कन्येचा विवाह, चुलता, म्हैस, श्वास आणि निद्रा या सर्वांवर जप्ती आणण्याचा हुकूम या जिल्ह्यात कोणी काढला?

शिरस्तेदार तीन कलेक्टर पाहिलेले. त्यांनी पागोटे किंचित सावरले आणि अदबीने अर्ज केला, 'साहेब, जप्ती कशावरच नाही. याला फक्त आपली सही लागते.'

साहेबाने ती लागलीच केली.